राजाच्या गुडघ्यावरची आमरी

एका राज्यात असा राजा होता, जो सिंहासनावरून उठू शकत नव्हता. सिंहासन मिळालेले असूनही नव्हे, मिळाले म्हणूनच.

राजाचे नाव धवलकीर्ती. त्याच्या राज्याच्या दक्षिण सीमेवर कृष्णजट नावाचा मांत्रिक गुहेत राहत असे. तो वाटसरूंचे आवाज चोरी आणि मडक्यांत कोंडून ठेवी. पौष महिन्यात धवलकीर्तीने गुहेला वेढा घातला, मडकी फोडली आणि ज्याचा आवाज त्याला परत केला. मग तो मांत्रिकाचा खजिनाही घेऊन निघाला. खजिन्यातील दोन वस्तू त्याच्या मनात भरल्या होत्या. एक सिंहासन, अखंड काळ्या लाकडाचे. आणि एक रोप. आज आपण ज्याला ऑर्किड म्हणतो, त्याला तेव्हा आमरी म्हणत. जाड पाने, त्यांतून वर आलेला बाकदार हिरवा दांडा, आणि दांड्यावर फुलपाखरे ओळीने बसावीत तशी नऊ पांढरी फुले.

हरलेल्या मांत्रिकाचा त्या वेळी पायांपासून धूर होत होता. कमरेपर्यंत धूर झाल्यावर तो म्हणाला, "राजा, आवाज लोकांचे होते, ते नेलेस हे बरोबर. खजिना माझा होता. मागितला असतास तर दिला असता."

"चोराकडे कोण मागतो?" राजा म्हणाला.

"मग ऐक. हे सिंहासन जिथे असेल तिथेच ही आमरी राहील. त्या दालनाबाहेर नेलीस तर सुकेल. ती फुललेली आहे तोवर खुशाल बस. शेवटचे फूल गळेल त्या दिवशी सिंहासन तुला धरील. दर पौर्णिमेला, चंद्र उगवताना, तुझ्या अंगावर सात बोटे साल चढेल. साल हृदयावर पोचली की तू झाड होशील. त्याआधी आमरी पुन्हा फुलली, तर सुटशील."

"फुलेल. माझ्या राज्यात कशाची कमी आहे?"

"कशाचीच नाही," धूर म्हणाला, "तीच तर अडचण आहे." आणि तो छताच्या भेगेतून निघून गेला.

राजाने सिंहासन दरबाराच्या दालनात ठेवले, त्यावर तो बसू लागला, आणि शेजारी आमरीला सोन्याच्या कुंडीत बसवले. कुंडीत सात किल्ल्यांची माती घातली. दालनाला रेशमी पडदे होते, ते तिला ऊन लागू नये म्हणून ओढून घेतले. त्या राज्यात जलार्पणाची रीत होती: दरबारात जे पूज्य असेल, त्याला प्रत्येक दरबाऱ्याने आल्याबरोबर पळीभर पाणी घालायचे. दरबारी एकशे आठ होते. दुसरी रीत निर्माल्याची. फूल गळाले की त्याचा देठ, दांडा, जे काही मागे उरेल ते सूर्य माथ्यावर येण्याआधी काढून टाकायचे. वाळले ते राजासमोर राहू नये.

चैत्राच्या अखेरीस नववे फूल गळाले. अमात्य गुणराज स्वतः चांदीची कात्री घेऊन आले आणि त्यांनी दांडा बुडापासून कापला. दांडा हिरवा होता. ते कोणी मनावर घेतले नाही.

राजा भोजनासाठी उठू लागला, तो त्याला उठता येईना. टाचा सिंहासनाच्या पायाला चिकटल्या होत्या. अमात्य धावले, तर त्यांच्या हातातल्या काठीची राख झाली आणि ते पालथे पडले. त्या दिवसापासून त्या सिंहासनाजवळ दुसरे लाकूड टिकेना. दालनाची दारे राख झाली, तिथे तांब्याची बसवली. लेखनिकांचे चौरंग राख झाले, ते जमिनीवर बसू लागले.

पाच पौर्णिमा गेल्या. साल गुडघ्यांवर आली. आमरीला फूल तर नाहीच, उलट पाने सुरकुतली. दरबाऱ्यांनी एकीऐवजी दोन पळ्या पाणी घालायला सुरुवात केली.

राजाला एकच अपत्य होते, वैदूर्या नावाची कन्या. वय एकोणीस. तिने राजग्रंथालयातील सर्व वनस्पतिग्रंथ वाचले होते आणि तिला एक सवय होती: जे स्वतः पाहिले नाही, ते ठामपणे न सांगण्याची. आश्विनाच्या पहिल्या दिवशी ती भागू माळिणीकडे गेली. भागू चाळीस वर्षे राजवाड्याची फुले वेचत होती.

"भागूबाई, ग्रंथांत गुलाब आहे, मोगरा आहे, चाफा आहे. आमरी नाही. तुम्ही काही सांगाल?"

"ताईसाहेब, मी पडले मातीतली बाई. ते झाड मातीतलं नाही. माझी आजी म्हणायची, ते वर राहतं, पाखरांच्या शेजाराला. पाखरालाच विचारा की."

"कोणत्या पाखराला?"

"धनेशाला. पर जपून. तोंडाचा लई फटकळ आहे."

तीन दिवस चालून वैदूर्या घनदाट रानात पोचली. उंबराच्या झाडावर धनेश पक्षी बसला होता. त्याची पिवळी चोच हातभर होती आणि तिच्यावर दुसरी चोच ठेवावी तसे शिंग होते.

वैदूर्येने हात जोडले आणि सगळी हकिकत क्रमाने सांगितली. धनेशाने ती ऐकताना अकरा उंबरे खाल्ली.

"सोन्याची कुंडी," तो शेवटी म्हणाला.

"हो."

"तिला बुडाशी भोक?"

"सोन्याला भोक कसे पाडतील?"

"सात किल्ल्यांची माती. रोज एकशे आठ पळ्या पाणी."

"हल्ली दोनशे सोळा."

"मुली, तुम्ही मासळीला झोपाळ्यावर बसवून वारा घालता का गं?" धनेश इतका हसला की दोन उंबरे खाली पडली. "वर ये आणि बघ."

वैदूर्या झाडावर चढली. एका फांदीवर आमरी होती. तिची काही मुळे सालीवरून दोरीसारखी गेली होती, काही हवेत लोंबत होती. मुळे रुपेरी होती. दव पडले होते तिथे हिरवी झाली होती. वैदूर्येने एक मूळ नखाने हळूच उचलले. खालची साल अखंड होती. शेजारच्या फांदीवर बांडगूळ वाढले होते. त्याचे मूळ कुठे संपते आणि फांदी कुठे सुरू होते ते कळत नव्हते, आणि त्यापुढची फांदी वाळून गेली होती. वैदूर्येने हेही पाहिले. मग ती खाली उतरली आणि आणखी सहा झाडांवर चढून तेच पाहून आली.

"एका झाडावर विश्वास नाही वाटतं?" धनेशाने विचारले.

"माझ्या वडिलांचा प्रश्न आहे."

धनेशाने मान वाकडी करून तिच्याकडे पाहिले. मग तो म्हणाला, "तीन कामे सांगतो. तिन्ही सोपी आहेत, म्हणून तुमच्या दरबाराला जड जातील. पहिले: तिचे पाय मातीतून सोडव आणि तिला साल दे. दुसरे: तिच्यावर माया करणाऱ्यांचे हात आवर. तिसरे: तिला उजेड आणि थंडी दे, आणि मग काही करू नकोस. पहिल्यापेक्षा दुसरे अवघड, दुसऱ्यापेक्षा तिसरे."

"आणि दांडा? तो तर कापला."

"हिरवा असताना?"

"मी पाहिले नाही. पण कात्रीला हिरवा रस लागलेला पाहिला."

"त्या दांड्याला पेरापेरावर डोळे होते. त्यांतूनच नवी फुले फुटली असती. आता तिला सगळे पहिल्यापासून करावे लागेल. जा, उशीर करू नकोस."

वैदूर्या परतली आणि तिने दरबारासमोर सोन्याची कुंडी उपडी केली. मातीचा चिखल झाला होता आणि त्याला कुबट वास येत होता. तिने मुळे धुतली. एकवीस मुळांपैकी सोळा तपकिरी आणि पोकळ झाली होती. दाबली की पाणी सुटे. तिने सुरीचे पाते विस्तवावर धरून निववले आणि ती सोळा कापली. पाच मुळे टणक होती, ती राहिली. दरबारी हळहळले. एक जण तर डोळे पुसू लागला.

आता साल हवी होती. तिने करंडीभर साल आणवली. उंबरठा ओलांडताच तिची राख झाली. तिने बांबूची परडी आणवली, तीत कोळसा भरला. तिचीही राख झाली. मग तिने मुळांसकट जिवंत रोपटे कुंडीतून आणवले. ते दारात क्षणभर हिरवे दिसले आणि राख होऊन खाली बसले. आमरी उघड्या मुळांनी वैदूर्येच्या हातात होती.

राजाने आपल्या पायांकडे पाहिले. मग तो म्हणाला, "वैदूर्ये, या दालनात राख न झालेली साल एकाच ठिकाणी आहे."

वैदूर्येला हे वाटेतच सुचले होते. तिने ते उच्चारले नव्हते.

अमात्य गुणराज पुढे झाले. "क्षमा असावी, महाराज. जे झाड दुसऱ्या झाडावर वाढते, ते त्याला खाऊन वाढते. राज्यातली एकूण एक आमराई बांडगुळाने पोखरली आहे. आपल्या अंगावर ते लावायचे?"

"बोल, वैदूर्ये," राजा म्हणाला.

"तात, बांडगुळाचे मूळ सालीच्या आत शिरते. आमरीचे मूळ सालीवर थांबते. तिला आधार हवा असतो; अन्न ती हवेतून, पाण्यातून आणि उजेडातून मिळवते. हे मी सात झाडांवर पाहिले. माणसाच्या सालीवर ती कशी वागेल ते मी पाहिलेले नाही, कोणीच पाहिलेले नाही. म्हणून मी फक्त एवढेच म्हणते: सात झाडांपैकी एकालाही तिने ओरखडासुद्धा काढला नव्हता."

"म्हणजे राजकन्येला खात्री नाही," अमात्य म्हणाले.

"गुणराज," राजा म्हणाला, "खात्री मला होती, त्या गुहेत. तिचे काय झाले ते तुम्ही बघताच आहात. वैदूर्ये, डाव्या गुडघ्यावर बांध. उजवा मला हात टेकायला लागतो."

वैदूर्येने सुती पट्टीने आमरी राजाच्या डाव्या गुडघ्यावर बांधली. पाच मुळे सालीवर पसरली. पहिले काम झाले.

दुसरे काम त्याच दुपारी सुरू झाले. एकशे आठ दरबारी पळ्या घेऊन रांगेत उभे होते.

"आजपासून जलार्पण बंद," वैदूर्या म्हणाली. "दर आठव्या दिवशी सकाळी मी एकटी पाणी घालीन. रुपेरी मूळ हिरवे होईपर्यंतच. संध्याकाळपर्यंत मुळे कोरडी झाली पाहिजेत."

मोठा गलका झाला. सरदार रणशूर सर्वांत वयस्क होते, ते गरजले, "पाणीही घालू द्यायचे नाही, मग निष्ठा दाखवायची कशी?"

"हात मागे बांधून," राजाने उत्तर दिले. "माझ्यासमोर येणाऱ्याने हात पाठीमागे धरावेत. ज्याचे हात पुढे दिसतील, तो निष्ठावंत नाही."

तेव्हापासून दरबारी हात मागे धरून येऊ लागले. पाच-सहा दिवस ठीक गेले. सातव्या दिवशी रणशूर मुजऱ्यासाठी फारच खाली वाकले, आणि त्यांच्या पागोट्यातून टपटप थेंब पडू लागले.

"सरदार, पाऊस तर संपला," वैदूर्या म्हणाली.

"घाम आहे, राजकन्ये. वय झाले."

"घामाला वाळ्याचा वास येतो?"

रणशूरांनी पागोट्यातून भिजलेला रुमाल काढला आणि तो वैदूर्येच्या हातात दिला. "काय करू?" ते पुटपुटले. "तहानलेली दिसते हो बिचारी." राजा हसला. साल चढू लागल्यापासून तो प्रथमच हसत होता. रणशूर पुन्हा वाकले नाहीत.

कार्तिकात पाचही मुळांची टोके हिरवी झाली आणि सालीवरून पुढे सरकली. वैदूर्येने पट्टी सोडली; आमरी पडली नाही. अमात्यांनी भिंग आणून मुळांखालची साल तपासली आणि काही न बोलता भिंग परत ठेवले.

मग तिसरे काम. वैदूर्येने रेशमी पडदे उतरवले आणि पूर्वेच्या खिडक्यांना पातळ मलमल लावली. सकाळचे ऊन तिच्यातून झिरपून आमरीवर पडू लागले. गडद पडलेली पाने थोडी उजळ झाली. मार्गशीर्ष लागला तसा तिने हुकूम दिला की खिडक्या रात्रंदिवस उघड्या राहतील. दिवसा ऊब आणि रात्री गारवा, असा फरक पडला की आमरीला ऋतू कळतो, असे धनेशाने सांगितले होते.

पण आमरीला थंडी द्यायची म्हणजे राजालाही द्यायची, कारण ती राजाच्या गुडघ्यावर होती. कमरेपर्यंत साल होती, तिथे त्याला काही लागत नसे. वरचे अंग अजून माणसाचे होते. अमात्य दुलया घेऊन आले. वैदूर्येने त्या वडिलांच्या खांद्यांवर घातल्या, आणि दुलईचे टोक आमरीवर आले की ते मागे सारले. पौषात राजाला खोकला झाला.

"तात, खिडक्या लावू?" एका सकाळी तिने विचारले.

"तुझे मत काय?"

"लावू नयेत, असे माझे मत आहे. पण तुमचा खोकला ऐकवत नाही."

"मग कान झाक, बाळे. खिडक्या राहू देत."

त्याच सकाळी धनेश दगडी खिडकीत येऊन बसला. त्याने राजाला आपादमस्तक न्याहाळले. "बरा वाढला आहेस," तो म्हणाला. "घरट्याला जागा ठेवली असतीस तर आणखी बरे झाले असते."

"पक्षिराज," वैदूर्या म्हणाली, "मी तीन महिने काही करत नाही. काही न करणे मला आता सहन होत नाही."

"माझी पत्नी दरवर्षी झाडाच्या ढोलीत बसते आणि आतून चिखलाने दार लिंपते. चोच जाईल एवढी फट ठेवते. मी त्या फटीतून फळे देतो. अंडी फुटली की नाही, पिले आहेत की नाहीत, काही दिसत नाही. मी दार फोडून पाहिलेले नाही. एकदाही नाही."

"फोडावेसे वाटले नाही?"

"रोज वाटते," धनेश म्हणाला आणि उडून गेला.

पौष संपता संपता आमरीच्या दोन पानांच्या बेचक्यात हिरवे टोक दिसू लागले. ते प्रथम अमात्यांनी पाहिले. "दांडा! राजकन्ये, नगारा वाजवायला सांगतो!"

"थांबा. मूळ असेल."

"दांडा का नसेल?"

"असेलही. मुळाचे टोक गोल आणि चकचकीत असते, ते खाली वळते. दांड्याचे टोक किंचित चपटे, मिटलेल्या मुठीसारखे असते, ते उजेडाकडे जाते. आज दोन्ही सारखीच दिसतात."

दहा दिवस तिने कोणाला काही सांगितले नाही. अकराव्या दिवशी टोक खिडकीकडे वळले होते. ती वडिलांसमोर गेली आणि म्हणाली, "तात, दांडा आहे." राजाने आपला मोकळा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

माघी पौर्णिमेला साल हृदयाखाली पाच बोटांवर आली. पुढची पौर्णिमा फाल्गुनाची. ती शेवटची, हे सर्वांना ठाऊक होते. दांडा हातभर झाला, वाकला, आणि त्यावर सात कळ्या आल्या. कळ्या फुगल्या, पण उघडल्या नाहीत.

फाल्गुनी पौर्णिमेच्या सकाळीही त्या बंद होत्या. चंद्र संध्याकाळी उगवणार होता. राजाला श्वास पुरत नव्हता. तो तुटक बोलत होता. दुपारी अमात्य गुणराज आमरीजवळ गेले. त्यांचे हात पाठीमागे नव्हते.

"एकच कळी," ते म्हणाले. "पाकळ्या आत तयार आहेत. बोटांनी अलगद उघडतो."

वैदूर्या मध्ये उभी राहिली. "अमात्य, बोटांनी उघडलेल्या कळीचे फूल होत नाही. ती फाटलेली कळी होते."

"आणि चंद्र उगवला तर?"

"तर मी वडील गमावीन. तरी हात मागे घ्या."

अमात्य म्हणाले, "राजकन्ये, तो दांडा मी कापला होता. हिरवा होता. मला वाटले, रीत पाळतो आहे."

"मला ठाऊक आहे. आता जे पाळायचे आहे ते पाळा."

अमात्यांनी हात मागे घेतले. मग ते तिथेच खाली बसले, आणि वैदूर्या त्यांच्या शेजारी बसली. एकशे आठ दरबारी हात मागे धरून उभे होते.

तिसऱ्या प्रहरी सर्वांत खालच्या कळीला रेघ पडली. रेघेची फट झाली. एक पाकळी सुटली. बऱ्याच वेळाने दुसरी. फूल उघडायला पूर्ण एक प्रहर लागला, आणि त्या प्रहरात दालनात कोणी खोकलेसुद्धा नाही. पाचवी पाकळी मागे वळली तेव्हा पूर्वेच्या टेकडीवर उजेड पसरत होता, पण चंद्राची कड अजून वर आली नव्हती. फूल पांढरे होते आणि त्याचा गळा पिवळा होता.

मोठा आवाज झाला. राजाच्या छातीवरची साल उभी तडकली. पोटावरची गळाली, मांड्यांवरची गळाली, पायांवरची गळाली. डाव्या गुडघ्यावरचा तुकडा आमरीसकट अखंड सुटला, तो वैदूर्येने झेलला. त्याखालची कातडी साफ होती. अमात्यांनी पुन्हा भिंग आणले आणि या वेळी मोठ्याने सांगितले, "ओरखडासुद्धा नाही."

शाप सुटला. बाहेरून एक रोपटे आत आणून पाहिले. त्याची राख झाली नाही. चंद्र उगवला आणि कोणाच्याही अंगावर साल चढली नाही. दुसऱ्या दिवशी राजाने काळे सिंहासन आणि बाकीचा सारा खजिना दक्षिणेच्या गुहेत परत पाठवला; सिंहासनापासून सुटलेली आमरी तेवढी दालनात राहिली, आणि ज्यांचे न्याय अकरा महिने खोळंबले होते, त्या सर्वांना बोलावले. आमरीची सातही फुले उघडेपर्यंत ते लोक येतच होते.

पहिल्या दिवशी दालनाच्या मधोमध राजा उभा होता. त्याचे पाय काड्यांसारखे झाले होते आणि तो वैदूर्येच्या खांद्यावर टेकला होता.

"तात, आसन आणवले आहे," ती हळूच म्हणाली. "बसा थोडे."

"नको गं," धवलकीर्ती म्हणाला. "आज उभाच राहतो."

त्या दिवशी त्याने चाळीस निवाडे दिले, आणि दिवस मावळेपर्यंत तो बसला नाही.